गोव्यातला मांद्रे मतदारसंघ : साठ वर्षांत मत पक्षाला पडलं की माणसाला?

केरीचा_नातू

नमस्कार मंडळी. गणपतीला घरी गेलो होतो. माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी होती, ती खाली उतरवली. आजोबा जन्मभर मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, चिन्ह सिंह. प्रत्येक निवडणुकीला केंद्रावर एजंट म्हणून बसायचे आणि मतमोजणीलाही जायचे. पेटीत सिंहाचं चित्र छापलेल्या मतदार चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला, दोरीने बांधलेला. त्याखाली शंभर पानी वही. तिच्यात प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे उभ्या चार रेघा आणि पाचवी आडवी, अशी पानंच्या पानं भरलेली. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीच्या टेबलाशी बसून ते स्वतःचा हिशोब ठेवायचे. एका पानावर शेवटच्या ओळी पाण्याने विरघळल्यात. पाऊस लागला की आजोबांचा घाम, कोण जाणे.

वही चाळताना एक प्रश्न डोक्यात बसला. आमच्या मांद्र्याने उपमुख्यमंत्री दिला, केंद्रात मंत्री दिला, मुख्यमंत्री दिला. त्याच मांद्र्याने खुर्चीवरच्या मुख्यमंत्र्याला घरी बसवलं. सिंह, कमळ, हात, सगळी चिन्हं निवडून आली. मग आमचा माणूस मत नेमकं कशाला देतो? पक्षाला की माणसाला? जुन्याजाणत्यांनी आपापल्या आठवणी लिहाव्यात. मला हे सगळं नीट लिहून ठेवायचं आहे.

मोरजी_वाडा

माणसाला. विषय संपला.

भाटातला_माड

मोरजी_वाडा, विषय एवढ्यात संपत नाही रे. माझं वय ७१. माझ्या वडिलांच्या पिढीने १९६३ ला मत दिलं ते माणसाकडे बघून नाही. ९ डिसेंबर १९६३ ला गोव्याची पहिली निवडणूक झाली, मुक्तीला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत. आमच्या वाड्यावर उमेदवार कधी आला नव्हता, त्याचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. सिंह तेवढा ठाऊक होता. आणि सिंहामागे मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर. २० डिसेंबरला बांदोडकरांनी मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली तेव्हा आमच्या वाड्यावर फटाके वाजले. फटाके आणायला पैसे कुठून आले ते मला अजून कळलेलं नाही.

नातवा, तुझ्या आजोबांचा सिंह समजून घ्यायचा तर आधी जमिनीकडे बघावं लागेल. आमचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात. घर आमचं, त्याखालची जमीन त्याची. पडवीला एक खांब वाढवायचा तरी विचारायला जायचं. वडील अंगणाबाहेर चपला काढून उभे राहायचे आणि मी त्यांच्या धोतराच्या सोग्यामागे. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे आमच्यासारखे, दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेले), पुढे १९७६ ची दुरुस्ती. कुळाला कसलेल्या जमिनीवर आणि मुंडकाराला घराखालच्या जमिनीवर हक्क सांगता येईल, असं पहिल्यांदा कागदावर आलं. ते कागद मगोच्या सरकारने आणले. गावोगाव मराठी शाळा उघडल्या त्याही त्याच काळात. मी त्या शाळेत शिकलो म्हणून आज इथे लिहितोय. आमच्यासाठी सिंह हा नुसता पक्ष नव्हता, आमचं घर उभं राहिलं ते त्याच्या बळावर.

डिचोलीकर

काका, शब्द न् शब्द पटला. एक भर घालतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. पेडणे, डिचोली, सत्तरी या आमच्या पट्ट्यात फुलाचा जोर होता. शेवटी पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली, विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. आणि गंमत बघा, तीन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली तर त्याच गोव्याने पुन्हा बांदोडकरांनाच निवडून दिलं! म्हणजे विलीनीकरण नको पण भाऊसाहेब हवेत असं म्हणणारे लोकही होतेच. मग ते मत पक्षाचं की माणसाचं?

साष्टीची_सून

डिचोलीकर, "गंमत" नका म्हणू. माझं माहेर हरमलला, सासर मडगावच्या बाजूला. सासरी आजही जनमत कौलाचा विषय निघाला की सासरे ताठ बसतात. त्यांच्यासाठी ती गोव्याची ओळख वाचवल्याची गोष्ट. माहेरी माझ्या आजीसाठी ती पोटात राहिलेली सल. दोन्ही माणसं माझीच. दोघांचंही मी मान खाली घालून ऐकते. एकाने जिंकलं आणि दुसऱ्याने हरलं असं लिहिताना थोडं सांभाळा, एवढंच.

डिचोलीकर

बरोबर आहे ताई. शब्द मागे घेतो.

चिकित्सक_पेडणे

आता खलपांवर येऊ. रमाकांत खलप मांद्र्याचेच. मगोच्या तिकिटावर इथून पुन:पुन्हा निवडून आले. १९८० ला मगोला ७ जागा मिळाल्या, काँग्रेसची लाट होती, बरेच आमदार पुढे काँग्रेसमध्ये गेले. खलप मात्र राहिले. त्या काळात मगो जिवंत ठेवली ती खलपांनी, असं माझं स्पष्ट मत. १९८९ ला, घटक राज्य झाल्यावर, पहिल्यांदाच ४० जागांची निवडणूक झाली आणि मगो १८ वर गेली, काँग्रेस २० वर. पुढच्याच वर्षी सरकार कोसळलं, आघाडी आली, खलप उपमुख्यमंत्री झाले. १९९६ ला उत्तर गोव्यातून लोकसभेवर गेले आणि केंद्रात कायदा खात्याचे राज्यमंत्री.

आणि हे नवीन पोरांना कोणी सांगत नाही: संसदेत महिला आरक्षणाचं पहिलं विधेयक १२ सप्टेंबर १९९६ ला मांडलं गेलं, ते मांडायला उभे राहिले आमचे खलप. देवेगौडांचं सरकार होतं. ते विधेयक रखडलं, पुढची विधेयकंही रखडली, कायदा व्हायला २०२३ उजाडलं. पण पहिल्यांदा कागद ठेवणारा हात मांद्र्याचा होता.

साष्टीची_सून

हे मला खरंच माहीत नव्हतं! आत्ता आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या खलपांनी? आणि आमकां कोणी सांगूक ना?"

आता याच निमित्ताने विचारते. २०२२ ला ४० पैकी ३ बायका निवडून आल्या. गोव्यात शशिकलाताई काकोडकर १९७३ ला मुख्यमंत्री झाल्या होत्या, पन्नास वर्षांपूर्वी. तरी तीनच? प्रचारात पणत्या लावायला, घरोघरी कुंकू द्यायला, भजनी मंडळ गोळा करायला आम्ही. तिकीट वाटायची वेळ आली की कोणाला आमची नावं सुचत नाहीत. याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

भाटातला_माड

राग रास्त आहे बाय. माझी सून पंचायतीत पंच होती एक टर्म. ग्रामसभेत तिच्याइतकं तयारीने बोलणारा मी दुसरा पाहिला नाही. टर्म संपली, कोणी पुढे विचारलं नाही.

मोरजी_वाडा

मूळ प्रश्नावर येतो, कारण मी एका ओळीत लिहून पळालो होतो. माझा मुद्दा २०१७ वर उभा आहे.

लक्ष्मीकांत पार्सेकर २००२, २००७, २०१२ असे सलग तीनदा कमळावर निवडून आले. हरमलचे, शाळेत हेडमास्तर होते. आमच्या भागातल्या कितीतरी पोरांना त्यांनी शिकवलं, लोक "सर" म्हणतात ते आमदार म्हणून नाही. २०१२ ला आरोग्यमंत्री, नोव्हेंबर २०१४ ला पर्रीकर दिल्लीला गेले तेव्हा मुख्यमंत्री. पेडणे तालुक्याचा मुख्यमंत्री! त्या रात्री आम्ही हरमलला गेलो होतो, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि अडीच वर्षांत, ४ फेब्रुवारी २०१७ ला मतदान, ११ मार्चला निकाल: दयानंद सोपटे (काँग्रेस) ७,१०० च्या वर मताधिक्याने विजयी. आमच्या मतदारसंघात ७ हजार म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. अख्ख्या गोव्यात तेव्हा मतदार ११ लाखांच्या वर आणि मतदारसंघ ४०, हिशोब करा. इथे दोन-तीनशे मतं इकडची तिकडे झाली की आमदार बदलतो. तिथे सात हजार!

पक्षाला मत देणारा मतदारसंघ असता तर असं झालं नसतं. मुख्यमंत्रीपद हातात असताना कोण सोडतं? लोकांनी माणूस बघितला. मुख्यमंत्री झाल्यावर माणूस पणजीचा होतो. आधी सकाळी अंगणात भेटायचे, मग भेटायला वेळ घ्यावी लागली. सरांचा त्यात दोष किती आणि खुर्चीचा किती, मी सांगू शकत नाही. पण आमच्या वाड्यावर लोक हेच बोलत होते, मी कानांनी ऐकलं.

चिकित्सक_पेडणे

मोरजी_वाडा, तुझं अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं नकाशात आहे. २०१२ पासून शेजारचा पेडणे मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, गोव्यातला एकमेव. त्याआधी तो खुला होता. सोपटे २००७ ला पेडण्यातून कमळावर निवडून आले होते, जितेंद्र देशप्रभूंना हरवून. पेडणे राखीव झाल्यावर तिथल्या खुल्या गटातल्या पुढाऱ्यांना उभं राहायला जागाच उरली नाही. सगळ्यांच्या नजरा मांद्र्याकडे वळल्या. एका तालुक्याचे दोन मतदारसंघ, त्यातला एकच खुला. मांद्र्यात जी गर्दी आणि चुरस वाढली ती या कारणाने. माणूस, पक्ष यांच्याआधी कधी कधी मतदारसंघाची रेघच निकाल ठरवते.

(राखीव जागेला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. हक्काची जागा आहे आणि ती हवीच. परिणाम काय झाला तेवढं सांगतोय.)

अगरवाडा_एक्सप्रेस

आणि २०१८ विसरलात की काय सगळे? ऑक्टोबर २०१८ ला सोपटे आणि शिरोड्याचे सुभाष शिरोडकर यांनी काँग्रेसची आमदारकी सोडली आणि भाजपमध्ये गेले. दीड वर्ष झालं होतं निवडून येऊन. मी २०१७ ला पहिल्यांदा मत दिलं होतं, बोटावरची शाई आठवडाभर मिरवली होती. आईने चुलीवर भाकरी थापताना बातमी सांगितली तर मी तव्यासमोरच बसून राहिलो. ज्यांच्या विरुद्ध मत दिलं त्यांच्याकडेच माझं मत गेलं. एका सहीने.

कायद्याने राजीनामा देऊन पुन्हा लोकांसमोर गेले, हे मान्य. २०१९ ला १० जणांनी आणि २०२२ ला ८ जणांनी तेही केलं नाही, पक्षांतरबंदी लागू नये म्हणून दोन तृतीयांश गट करून सरळ गेले. पण मला ते दुखलं आणि अजून दुखतं.

केरीचा_नातू

अगरवाडा, मग २३ एप्रिल २०१९ च्या पोटनिवडणुकीत काय केलंस?

अगरवाडा_एक्सप्रेस

मत दिलं. कोणाला ते सांगत नाही. आजोबा सांगायचे, मत आणि देवाला केलेला नवस बाहेर बोलायचा नसतो.

फळ्यावरचा_खडू

मी शिक्षक, पेडणे तालुक्याबाहेरचा. निवडणुकीच्या ड्युटीवर मांद्र्यात गेलो होतो. दोन गोष्टी लिहितो.

एक, तेरेखोल. नकाशात बघा, गाव गोव्याचं पण नदीच्या पलीकडे, सिंधुदुर्गाला चिकटून. केरीहून फेरीबोट. पलीकडच्या म्हाताऱ्या बायका बाजाराला, दवाखान्याला अशा नदी ओलांडतात. त्यांतल्या एकीशी फेरीत बोललो. मी विचारलं, आजी, मत कशावर देता? ती म्हणाली, "जो पोरगो पावसात फेरीक उभो रवता, तेका." तेवढंच. मला तिच्या बोलण्यात पक्ष कुठे दिसला नाही, आणि मोठा माणूसही दिसला नाही.

दुसरी गोष्ट २०२२ ची. कोविडचे दिवस, मतदाराला हातमोजा देऊन आत सोडायचं. एक म्हातारे गृहस्थ बटण दाबून व्हीव्हीपॅटच्या काचेकडे वाकले. चिठ्ठी सात सेकंद दिसते. ते बीप झाल्यावरही, चिठ्ठी पडून गेल्यावरही तसेच वाकून उभे. मी हळूच म्हटलं, काका, झालं. ते वळले तेव्हा डोळे भरलेले. "सिंह दिसलो", एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. त्यांनी माझ्यासमोर असं बोलायला नको होतं आणि मी कोणत्या केंद्रावर होतो हेही लिहिणार नाही. पण ते सात सेकंद मी विसरणार नाही.

भाटातला_माड

खडू गुरुजी, वाचून मीही दोन मिनिटं थांबलो. तो माणूस मला ओळखीचा वाटतो. नाव नाही विचारत. आमच्या पिढीचा प्रत्येकच जण तसा आहे.

चिकित्सक_पेडणे

१० मार्च २०२२ चा निकाल नोंदवून ठेवतो म्हणजे नातवाच्या वहीत जाईल. जीत आरोलकर (मगो) विजयी, सोपटे (भाजप) दुसरे, फरक ७१५ मतांचा. पार्सेकर अपक्ष उभे होते, ते तिसरे. भाजपचं तिकीट सोपट्यांना गेलं, सर बाहेर पडले. दोघांची मतं एका पारड्यात असती तर निकाल वेगळा लागला असता, हे पाचवीतलं पोर सांगेल. अख्ख्या गोव्यात मगोचे दोनच आले, मडकईला सुदिन ढवळीकर आणि मांद्र्यात आरोलकर. २०१९ च्या पोटनिवडणुकीला हेच आरोलकर अपक्ष म्हणून पडले होते.

म्हणून मी म्हणतो, ७१५ मतांत सिंहाचं पुनरागमन शोधू नका. ते मतविभागणीचं गणित होतं.

भाटातला_माड

चिकित्सक, गणित बरोबर, निष्कर्ष मला मान्य नाही. २००२ पासून २०२२ पर्यंत कमळ, हात, पुन्हा कमळ. वीस वर्षं सिंह नाही. तरी दहा हजारांच्या वर लोकांनी सिंहावर बोट ठेवलं. ती मतं कुठून आली? विभागणीने दुसऱ्याची मतं कमी होतात, माझी वाढत नाहीत.

मोरजी_वाडा

काका, ती मतं आरोलकरांनी पाच वर्षं फिरून जमवली. २०१९ ला सिंह नव्हता तरी दुसऱ्या नंबरवर होतेच की. माणूस!

डिचोलीकर

आणि निवडून आल्यावर मगोने पाठिंबा दिला भाजपला. प्रचारात तृणमूलशी युती. मग सिंहावर बोट ठेवणाऱ्याने नेमकं कोणतं सरकार मागितलं होतं?

साष्टीची_सून

तुम्ही सगळे चिन्हांवर भांडताय. गेल्या दहा वर्षांत आमच्या हरमल, मोरजी, मांद्र्याच्या किनाऱ्यावर काय झालं ते मतात येत नाही का? माझ्या काकांच्या मिरचीच्या शेताशेजारी आता भिंत आहे. भिंतीपलीकडे काय आहे ते त्यांना माहीत नाही. हरमलच्या मिरचीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, छान झालं, पण मिरची लावायला वावर राहिलं पाहिजे ना? मोरजीला कासवं अंडी घालायला येतात त्या वाळूवर रात्री दिव्यांचा लखलखाट. डोंगर कापले जातात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ ला सुरू झाला, त्याने जमिनीचा भाव कुठल्या कुठे नेला. भाटकाराकडून सोडवलेली जमीन आमचीच मुलं विकतायत. काकांना विचारते, मुंडकार कायद्याने जी जमीन मिळाली ती दुसऱ्या पिढीत गेली तर सिंह काय करणार?

भाटातला_माड

बाय, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या सख्ख्या भावाने विकली. वडील ज्या अंगणाबाहेर चपला काढून उभे राहायचे, तो भाट आणि आमचं वावर आज एकाच कंपनीच्या कुंपणात आहे. पाच वर्षांमागे मी तिथून चालत गेलो तर वॉचमनने विचारलं, कुठे चाललात? पोरगा बिचारा परराज्यातला, त्याला काय ठाऊक. मी म्हटलं, कुठे नाही, परत चाललो.

अगरवाडा_एक्सप्रेस

काका 🙏

फळ्यावरचा_खडू

पुढच्या निवडणुकीला मी प्रत्येक उमेदवाराला हा एकच प्रश्न विचारणार: भाटात राहणाऱ्या किती मुंडकारांच्या नावावर अजून घर झालेलं नाही, आणि त्यांचं तुम्ही काय करणार? कायदा १९७५ चा आहे. मामलेदाराकडे खेटे घालणारे अजून आहेत.

चिकित्सक_पेडणे

गुरुजी, हा प्रश्न विचाराच. मीही येतो बरोबर.

केरीचा_नातू

सगळ्यांचे आभार. रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले आणि वही पुन्हा उघडली. पहिल्यांदा मी फक्त रेघा बघितल्या होत्या. आता समासात बघितलं. आजोबांनी केंद्रांच्या नावांपुढे बारीक अक्षरांत लिहिलंय. एका ठिकाणी "विहीर झाली नाही". एका ठिकाणी "रस्ता आला, तरी कमी". एका ठिकाणी नुसतं "भाऊ गेले", म्हणजे ते पान १९७३ नंतरचं असणार. एका वाड्यापुढे लिहिलंय, "हे आपले. विचारू नये."

मगोचा कट्टर एजंट, आणि त्याच्या वहीत मतं कमी का पडली याची कारणं म्हणजे विहीर आणि रस्ता. माणसाचं नाव एकदाही नाही. मोरजी_वाडा आणि भाटातले काका, दोघांनी येऊन ही पानं बघावीत. काका, तुम्हाला ते वाडे ओळखता येतील, मला येत नाहीत. अक्षर मोडी वळणाचं आहे, काही ठिकाणी लागत नाही.

भाटातला_माड

रविवारी येतो. केरीच्या फेरीजवळ उभा राहा, तिथून मला घर सापडत नाही आता. चष्मा दोन्ही आणतो.

मोरजी_वाडा

मीही येतो. मोरजीहून येताना काकांना गाडीवर घेतो. काका, तुम्ही चोपड्याच्या पुलापाशी थांबा, नऊ वाजता.

साष्टीची_सून

हरमलची विहीर असेल तर फोटो पाठवा. आई अजून तिचं पाणी कधी आलं त्या वर्षाची गोष्ट सांगते, वर्ष तेवढं तिला आठवत नाही.